पाटावरची कुलपं

"आत कोणी नाही," क्लाउस म्हणाला. "गेट बंद. कुलपं शून्य. सुरू करायला हरकत नाही."

भिंतीएवढ्या पडद्यावर आमच्या चाकणच्या कारखान्याचा नकाशा होता आणि त्यातला वेल्डिंगच्या रोबोंचा चार नंबरचा जाळीचा पिंजरा हिरवागार दिसत होता. त्या ऑफिसात हिरवा म्हणजे सुरक्षित, आणि सुरक्षित म्हणजे पुढे चला. जर्मनीत सकाळचे सात वाजले होते. ही माणसं सातला कामावर हजर असतात आणि त्याचा त्यांना थोडा तोराही असतो. चाकणला साडेदहा झाले असणार. मी मागच्या खुर्चीत बसून टेबलाखाली फोन बघत होते. चाकणच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर एक फोटो आला होता, तो मी उघडला.

फोटोत एक मोठा पाट होता, त्यावर लाल कापड. कापडावर पान्हे, हातोड्या, वेल्डिंगचे टॉर्च, सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं, भोवती झेंडूची माळ. आणि अगदी पुढे, शाळेच्या फोटोत लहान मुलं बसवतात तशी, लाल कुलपं ओळीनं मांडलेली. पहिल्याच कुलपावर माझ्या दादाचा पासपोर्ट आकाराचा फोटो होता. त्याच्या कपाळावरही कोणीतरी कुंकू टेकवलं होतं. खाली एचआरमधल्या पल्लवी शेवकरीनं लिहिलं होतं, "खंडेनवमीच्या शुभेच्छा. यंदा कुलपांनाही मान."

गोष्ट बारा वर्षांपूर्वीची आहे. कंपनीचं नाव मी घेत नाही. नोकरी सुटताना ज्या कागदावर सही केली त्यात तसं कबूल केलंय, आणि नाव न कळल्यानं तुमचं काही अडणारही नाही. मोटारींचे दरवाजे बनवते, एवढं पुरे. डोकं जर्मनीत आणि हात जगभर, असा तिचा कारभार. एक कारखाना चाकणला, एक पोलंडात, आणखी कुठे कुठे. म्हणायला सगळी भावंडं, पण आई एकाला वाढताना दुसऱ्याच्या ताटाकडे बघणारी. त्या वर्षी एका नव्या गाडीच्या दरवाजांचं काम यायचं होतं. ते चाकणला मिळेल किंवा पोलंडला. ज्याला मिळणार नाही, त्याची निम्मी माणसं घरी बसणार, हे उघडपणे कोणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. त्या सकाळची चाचणी त्या परीक्षेतलाच एक पेपर होता.

आमची जमीन म्हाळुंग्याला होती. ती एमआयडीसीत गेली, तिच्या बदल्यात दादाला, म्हणजे सोपान येळवंडेला, त्याच कारखान्यात नोकरी लागली. तो फिटर झाला आणि त्यानं मला इंजिनियर केलं. मीही तिथेच लागले, आणि दोन वर्षांनी कंपनीनं मला जर्मनीला पाठवलं. गावात दादा सांगत फिरायचा, आमची सारिका आता मुख्य ऑफिसात असते, वरून बघते सगळं.

वरून बघत होते खरी.

आता त्या कुलपांचं सांगते, कारण सगळं त्यांच्यावरच आहे. रोबोंच्या पिंजऱ्यात जो माणूस शिरेल, त्यानं स्वतःचं लाल कुलूप गेटच्या कडीला अडकवायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. आत दहा जण गेले तर दहा कुलपं. एक जरी कुलूप लटकत असेल तरी जगातला कोणीही, अगदी मालकसुद्धा, ते यंत्र सुरू करू शकत नाही. फार चांगला नियम आहे. कुलूप म्हणजे माणूस. आदल्या वर्षी तपासनीस येऊन गेले, तेव्हापासून प्रत्येकाला फोटोचं कुलूप मिळालं आणि पोरांनी ते जिवापाड जपलं. जपलं म्हणूनच ते आज पाटावर आलं होतं. ज्यावर आपलं पोट आणि जीव, ते हत्यार. हत्याराची खंडेनवमीला पूजा करायची, आणि एकदा कुंकू लागलं की दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आमच्याकडे हे पोराटोरांना ठाऊक असतं.

पण हत्यारं पाटावर आणता येतात, रोबो आणता येत नाही. त्याची पूजा त्याच्या जागी जाऊनच करावी लागते. चार नंबरच्या पिंजऱ्यातल्या सगळ्यांत थोराड रोबोला पोरं पैलवान म्हणायची. दरवर्षी त्याला माळ घालायला दादाच आत जायचा. मी स्वतः दोनदा बघितलं होतं. गेट उघडं राहिलं की डोक्यावरचा भोंगा बोंबलत सुटतो, आरती ऐकू येत नाही. मग कोणीतरी ओरडायचं, "सोपानराव, गेट ओढून घ्या." दादा आतून गेट ओढायचा, बाहेरचा एखादा निळं बटण दाबायचा, भोंगा गप्प. तेव्हा काही वाटत नसे, कारण पूजेच्या दिवशी रोबोंची वीजच बंद असायची.

यंदा रोबोंची वीज चालू होती. चाचणीसाठी चालू ठेवा, असं क्लाउसनं आठवड्यापूर्वी कळवलं होतं. चाकणचे प्लँट हेड केळुसकर साहेबांनी लगेच उत्तर दिलं होतं, की नवमीच्या सकाळी लाइन तशीही थांबलेली असेल, 'सर्वसाधारण साफसफाई' आहे, आपण खुशाल चाचणी घ्या. पूजेचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. आदल्या वर्षीच्या तपासनिसानं यंत्रावर नारळाचं पाणी बघून दोन पानं लिहिली होती, तेव्हापासून आमच्याकडे पूजा होत नव्हती. म्हणजे व्हायची, पण नाव साफसफाईचं.

आणि मी परदेशात राहून तिथी विसरले होते. दसरा कॅलेंडरात होता, नवमी नव्हती.

पडद्यावर निळी पट्टी हळूहळू भरत होती. नवा प्रोग्रॅम जर्मनीतून थेट रोबोंच्या डोक्यात उतरत होता. तो उतरला की रोबो एक फेरी संथ गतीनं मारणार, रिकाम्या हातानं, आणि मग दुसरी पूर्ण वेगात. पूर्ण वेगातला पैलवान मी पाहिलेला आहे. त्याला माणूस आणि हवा यांतला फरक कळत नाही.

मी टेबलाखालूनच पल्लवीला फोन लावला. वाजला, वाजला, बंद पडला. परत लावला. आरती चालू असणार, टाळ्या, घंटा, कोण फोन बघतंय. दादाला लावून उपयोग नव्हता. कामगारांचे फोन कारखान्याच्या गेटवरच्या कप्प्यात ठेवून घेतात, हाही आमच्याच ऑफिसचा नियम. कॅमेऱ्यातून बघावं, तर कामगारांवर कॅमेरा लावायचा नाही हा जर्मनीचा कायदा, कंपनीनं तो सगळीकडे लावलेला. इतके सगळे चांगले नियम, आणि मला माझा भाऊ दिसत नव्हता.

"क्लाउस," मी म्हटलं. "जरा थांबशील?"

"का?"

"आत माणूस असेल असं वाटतं."

त्यानं पडद्याकडे बोट केलं. "कुलपं शून्य आहेत."

"शून्य आहेत म्हणूनच भीती वाटतेय."

त्याला ते कळणं शक्यच नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता, पण शून्य म्हणजे शून्य असं शिकलेला होता. त्यानं समजावणीच्या सुरात सांगितलं, "गेट नुसतं बंद नाहीये, बाहेरून रीसेट केलेलं आहे. दहा मिनिटांपूर्वी. म्हणजे तिथल्या कोणीतरी आत डोकावून खात्री केली आणि निळं बटण दाबलं."

दहा मिनिटांपूर्वी निळं बटण का दाबलं होतं, ते मला इथे बसून दिसत होतं. भोंगा गप्प करायला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर ब्रिंकमान बसल्या होत्या. उत्पादन खात्याच्या प्रमुख, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, आवाज कधी न चढवणाऱ्या. त्यांच्या शेजारी पोलंडच्या कारखान्याचा मारेक होता, चाचणी बघायला मुद्दाम आलेला. आमचा पेपर बिघडला तर फायदा त्याचा. आणि टेबलाच्या मधोमध काळा स्पीकरफोन, त्यावर चाकणहून केळुसकर साहेब.

"काय अडचण आहे, फ्राउ येळवंडे?" ब्रिंकमानबाईंनी विचारलं.

काय सांगणार होते मी? आमचे लोक यंत्राला हार घालतात, त्यासाठी न सांगता पिंजऱ्यात शिरतात, आणि ज्या कुलपानं जीव वाचायचा ते त्यांनी देवासमोर ठेवलंय? हे वाक्य या खोलीत उच्चारलं, की नवं काम पोलंडला. आणि दादाची नोकरी तर त्याच दिवशी जाणार. म्हटलं, आधी केळुसकरांनाच विचारावं, ते तिथे आहेत.

मी स्पीकरकडे वाकून मराठीत बोलले. "साहेब, आज पूजा आहे ना?"

पलीकडून हळू आवाजात, मराठीतच, "मॅडम, इथे नको हा विषय."

"सोपान येळवंडे कुठे आहे?"

"मी सगळ्यांना दहाच्या आत उरकायला सांगितलंय."

"उरकलंय का? तुम्ही जाऊन बघितलंत का?"

"मी ऑफिसात आहे. इथून वेल्डिंगची शेड लांब आहे, तुम्हाला माहितीये."

"साहेब, कुलपं पाटावर आहेत. माझ्याकडे फोटो आहे. चार नंबरमध्ये कोणी आहे का, ते बघायला पाठवा. आत्ता."

"मिस्टर केळुसकर," ब्रिंकमानबाई मध्येच इंग्रजीत म्हणाल्या, "पिंजऱ्यात कोणी आहे का?"

"नो मॅडम," केळुसकर तत्काळ म्हणाले. "ॲब्सोल्यूटली नो." आणि लगेच मराठीत, घाईघाईनं, "मॅडम, दोन मिनिटं द्या मला, मी धावत जातो. पण तुम्ही काही बोलू नका. दोनशे माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ते गेले.

पडद्यावरची निळी पट्टी भरली. क्लाउसनं माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंनी मान हलवली. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न विचारून झाला होता आणि उत्तर मिळालं होतं. क्लाउसनं बटण दाबलं. पडद्यावर चार छोटे हात हलायला लागले, खेळण्यातले असावेत तसे, सावकाश.

संथ फेरी सुरू झाली होती.

मी उभी राहिले. एवढंच आठवतं की खुर्ची मागे पडली. "आत माणूस आहे," मी म्हटलं. "माझा भाऊ आहे. आज आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. त्यांनी कुलपं पूजेला ठेवलीत. तो कुलूप न लावता आत गेलाय. थांबवा."

"तुम्हाला हे नक्की माहीत आहे?" ब्रिंकमानबाईंनी विचारलं.

"नाही."

"मिस्टर केळुसकर नाही म्हणाले."

"ते घाबरलेत."

"आणि तुम्ही?"

"मीही घाबरलेय," मी म्हटलं. "पण मी खरं सांगतेय."

क्लाउस म्हणाला, "मध्येच थांबवायचं तर कारण भरावं लागेल. एकापाठोपाठ सगळ्या कारखान्यांचा नंबर लागलाय." तो बाईंच्या तोंडाकडे बघत होता. बाई विचार करत होत्या. शांतपणे, नीट, जशा त्या नेहमी करायच्या. आणि पडद्यावर पैलवानाचा हात अर्ध्यापर्यंत आला होता. दादा संथ फेरीत निसटेल, असं मी मनाला सांगत होते. तो चपळ आहे, बैलगाड्याच्या शर्यतीत घाटाच्या चढावर बैलांपुढून पळालेला आहे. पण पिंजऱ्यात पळायला जागा नसते. आणि संथ फेरीनंतर लगेच दुसरी.

विचार पुरा व्हायची वाट मी पाहिली नाही. भिंतीपाशी क्लाउसच्या संगणकातून निघालेली पिवळी केबल होती. आमचा दुवा तुटला तर पलीकडचं यंत्र असेल तिथे थिजतं, हे मी त्याच ऑफिसात शिकले होते. मी गुडघ्यावर बसले आणि केबल ओढली. ती नुसती ओढून निघत नाही, तिला एक बारीक चिमटा असतो. चिमटा सापडेना. शेवटी भिंतीतल्या खोक्यासकट उपटली.

पडदा काळा झाला. स्पीकरफोनवरचा दिवाही विझला, तो त्याच खोक्यावर होता. क्लाउसचे हात कीबोर्डच्या वर तसेच राहिले होते.

आता काहीच कळायला मार्ग उरला नव्हता. हात थिजला असेल. पण कुठे थिजला? मी जमिनीवरच बसून राहिले, हातात केबल. पाचावर धारण बसणे म्हणतात ते मी तोवर पुस्तकातच वाचलं होतं. मला आमची आई दिसत होती, अंगणात ज्वारी पाखडत बसलेली, आणि फाटकातून कंपनीची जीप येतेय. मी देवाला म्हटलं, माझं काहीही होऊ दे, एवढी जीप येऊ देऊ नकोस.

मारेक माझ्याजवळ आला आणि त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. मी घेतला नाही तेव्हा तो माझ्या शेजारी जमिनीवर ठेवला आणि स्वतःही तिथेच उकिडवा बसला.

किती वेळ गेला कोण जाणे. मग ब्रिंकमानबाईंचा मोबाइल वाजला. त्यांनी तो टेबलावर ठेवून स्पीकर सुरू केला.

"मॅडम, केळुसकर." धाप लागलेली होती. "एव्हरीथिंग फाइन. लाइन मध्येच थांबली, काय झालं? आत कोणी नव्हतं. मी आत्ता वेल्डिंगच्या शेडमध्येच आहे. ऑपरेटर इथेच आहे माझ्याजवळ, त्याच्याशी बोला."

फोन हातांतून हातांत गेल्याची खरखर. आणि मग दादाचा आवाज. शाळेत पाठ केलेल्या कवितेसारखं एकेक शब्द ठेवत तो इंग्रजीत म्हणाला, "गुड मॉर्निंग मॅडम. नोबडी इनसाइड. ऑल लॉक ओके."

मी उठून टेबलाकडे धावले. "दादा?"

"कामावर आहे मी," तो मराठीत म्हणाला. "मागनं बोलू." फोन बंद.

मी रडले. त्या खोलीत, त्या लोकांसमोर, केबल हातात धरून ढसाढसा रडले, आणि मला लाज वाटली नाही. तो जिवंत होता. बाकी काय व्हायचं ते होवो.

बाकीचं झालंच. दुपारी ब्रिंकमानबाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. चहा मागवला. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तुम्ही घाबरलात, ते मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "भाऊ आहे. पण तुम्ही तुमच्याच सहकाऱ्यांबद्दल फार गंभीर गोष्ट सांगितलीत आणि ती खरी निघाली नाही. मिस्टर केळुसकर म्हणतात, अशी कुठलीही पूजा पिंजऱ्यात होत नाही. तुमचा भाऊही तेच म्हणतो."

पल्लवीचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. तो मी दाखवू शकले असते. तो दाखवला की आमच्या दोनशे माणसांच्या पायाखालची जमीन जाणार, आणि त्यातला पहिला पाय दादाचा. आधी खरं सांगितलं ते त्याच्या जिवासाठी. जीव तर वाचला होता. मी फोन पर्समध्येच ठेवला.

"माझी चूक झाली असेल," मी म्हटलं.

बाईंनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, "तुमचा इथला करार दिवाळीपर्यंत आहे ना? तो पुढे वाढवता येणार नाही."

त्यांना दिवाळी कधी असते हे ठाऊक होतं, याचं मला नवल वाटलं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मारेक कॉफीच्या यंत्रापाशी उभा होता. "आमच्याकडे संत बार्बराच्या दिवशी, ती भट्टीवाल्यांची राखणदार, जुने लोक भट्टीपाशी मेणबत्ती लावतात," तो म्हणाला. "परवानगी नाही. दरवर्षी लावतात." त्यानं माझ्यासाठी कॉफी काढली, साखर विचारून घातली, आणि निघून गेला. आमची पूजा खरीच असणार, हे त्यानं वर जाऊन सांगितलं असतं तर दरवाजे त्यालाच मिळाले असते. त्यानं सांगितलं नाही. दरवाजे चाकणला मिळाले.

करार संपायची वाट न बघता गावी परतले तेव्हा पेढे वाटणं संपत आलं होतं. नवी लाइन येणार म्हणून कारखान्यात आनंदीआनंद होता आणि मी नोकरी घालवून आलेली, चाकणनंही मला परत घेतलं नव्हतं. केळुसकर साहेब एकदा चाकणच्या बाजारात समोरून आले आणि फुलवाल्याकडे वळले. गावात बोललं जायचं ते कानावर यायचंच. सोपानच्या बहिणीला जर्मनी झेपली नाही, डोक्यावर परिणाम झाला, भर मीटिंगमध्ये वायरी तोडल्या म्हणे. दादा यातलं काही बोलायचा नाही. माझ्याशी तो एकूणच कमी बोलायला लागला होता. मी समोर आले की म्हशीचं दावं बघायला उठायचा. "मागनं बोलू" म्हणाला होता, ते मागनं काही येत नव्हतं. मला रात्री झोप लागली की तीच संथ फेरी दिसायची, आणि कुठे थिजली ते दिसायच्या आत जाग यायची.

भाऊबीज आली. वहिनीनं ओटीवर रांगोळी काढून पाट मांडला. दादा अंघोळ करून, नवा सदरा घालून बसला. मी निरांजन लावलं. त्याच्या कपाळाला कुंकू लावताना मला त्या कुलपावरचा फोटो आठवला. त्यानं डोळे मिटून घेतले. मी सुपारी आणि अंगठी ओवाळली, अक्षता टाकल्या.

दरवर्षी तो तबकात नोट टाकतो आणि म्हणतो, मोजू नको. त्या दिवशी त्यानं खिशात हात घातला, बराच वेळ तसाच ठेवला, आणि लाल कुलूप काढून तबकात ठेवलं. खणकन आवाज झाला. कुंकवाचा डाग त्याच्या फोटोवर अजून होता.

"कंपनीनं नवी दिलीत," तो म्हणाला. "हे जुनं तुला."

मी तबक खाली ठेवलं. "दादा, तू आत होतास?"

त्यानं स्वयंपाकघराकडे बघितलं. "हळू बोल," तो म्हणाला. "तुझ्या वहिनीला ठाव नाही."

ओटीवर निरांजन जळत होतं. आत वहिनी पुऱ्या तळत होती, तेलाचा आवाज येत होता. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

"माळ बांधत होतो," तो म्हणाला. "पाठ होती माझी. आधी वाटलं कुणी तरी हात ठेवला खांद्यावर. वळून बघतोय तर पैलवान. लई हळू येत होता गं, सावकाश, पण थांबंना. मागं जाळी, पुढं तो. मी वरडलो, तर बाहेर आरती चाललेली." त्यानं तळहात छातीपासून वीतभर अंतरावर धरला. "हितं. हितं आला आन् थांबला. मला वाटलं देवानं थांबवला."

"मग?"

"मग केळुसकर साहेब पळत आले, गेट उघडलं, आन् म्हणाले, येळवंडे, तुझी बहीण." सदऱ्याच्या बाहीनं त्यानं तोंड पुसलं. "आन् लगेच फोन दिला हातात. म्हणले, आता एक शब्द इकडचा तिकडं झाला तर सगळी घरी. समोर सगळी पोरं उभी होती गं, ज्याच्या त्याच्या कपाळाला कुंकू. मी काय बोलणार होतो? तुला खोटं पाडलं मी. फोनवर तू दादा म्हणलीस ना, तवा वाटलं पैलवान थांबला नसता तर बरं झालं असतं."

"असलं बोलू नको सणाच्या दिवशी," मी म्हटलं. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याचा तळहात अजून छातीसमोर तसाच होता, तो मी धरून खाली घेतला.

वहिनी परात घेऊन दारात आली. "ओवाळून झालं का? काय घातलं यंदा ओवाळणीला?"

"कुलूप," दादा म्हणाला.

"अगं बाई. आन् किल्ली?"

दादानं दुसऱ्या खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली.

मी आता पुण्यात एका छोट्या कंपनीत आहे. मालक इथलेच, त्यांच्या खोलीचं दार ढकललं की झालं. खंडेनवमीला घरी पूजा मांडते. पाटावर लॅपटॉप ठेवते, कात्री ठेवते, विळी ठेवते. दादाचं कुलूप ठेवत नाही. ते कपाटाच्या कडीला अडकवलेलं असतं, तिथेच जाऊन त्याला कुंकू लावते, आणि लावून झालं की एकदा ओढून बघते, नीट लागलंय ना.